उन्हाळ्यावर घेतलेला आळ

वैशाख लागला की जळगावात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि माझा फोन वाजायला लागतो. बारावीच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, प्रवेश परीक्षा तोंडावर असतात आणि घराघरांत लॅपटॉपचा विषय निघालेला असतो. मी इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना वाटतं, घेण्याआधी हिला विचारावं. प्रश्न फिरून फिरून तोच येतो. याच्यावर नवे गेम चालतील का?

मी आधी विचारते, "वापरणार कोण आहे?"

"मुलगी."

"मग तिच्या हातात फोन द्या."

काहींना हे आवडत नाही. परवा एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला सांगा ना, मी तिला सांगतो." मी म्हटलं, "नको, तिलाच सांगते." ते जरा दुखावले, पण फोन दिला त्यांनी. पलीकडून बारीक आवाज आला. त्या मशीनमध्ये काय आहे, काय नाही, कोणता गेम नीट चालेल, कोणता अडखळेल आणि कोणता सुरूच होणार नाही, हे मी तिला सगळं सांगितलं. 

"म्हणजे मला पाहिजे तो नाही चालणार."

"नाही चालणार."

"बरं झालं सांगितलं, मॅडम," ती म्हणाली. आवाज पडला होता, पण त्या पडलेल्या आवाजात गढूळपणा नव्हता. निराशाही स्वच्छ असू शकते. मला हे फार उशिरा कळलं.

फोन ठेवून मी खिडकीशी बसले. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्यांना आकड्यांत माहीत असतो, बातम्यांमध्ये तेवढंच सांगतात. आम्हाला तो दाराच्या कडीत माहीत असतो, जी दुपारी फडक्याने धरावी लागते. नळाच्या पाण्यात माहीत असतो, जे तळहातावर घेववत नाही. गच्चीवर बायका उजाडायच्या आत ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालून खाली उतरतात आणि दहा वाजेपर्यंत ते कडांनी वर उचलले जातात. कूलरच्या ताट्यांत नवं गवत भरलं की पहिले दोन दिवस घरभर भिजलेल्या रानाचा वास येतो. म्हातारी माणसं खिशात कांदा टाकून बाहेर पडतात. शहराबाहेर केळीच्या बागांना चहूबाजूंनी हिरवी जाळी लावलेली असते आणि तरी झळ आत शिरतेच.

हा उन्हाळा मला आवडतो, असं मी म्हटलं तर लोक हसतात. पण मी त्याचं देणं लागते. एका वर्षी मी त्याच्यावर खोटा आळ घेतला होता. सगळा दोष त्याच्या माथी मारला होता. तो बिचारा नेहमीसारखा तापत होता, एवढंच.

मी तेव्हा बारावी दिली होती. पप्पा पाटबंधारे खात्यात होते. बोलायला कमी, वागायला सरळ, शेजारीपाजारी ज्यांच्याकडे घराच्या किल्ल्या ठेवून गावाला जातात असे. त्यांनी अकरावीतच सांगितलं होतं, "बारावीची परीक्षा झाली की तुला लॅपटॉप. तुझ्या मनासारखा." हे वाक्य मी दोन वर्षं जपलं. माझ्या मनासारखा म्हणजे कसा, हे त्यांना माहीत होतं, कारण मी काही लपवलं नव्हतं. मला अभ्यासासाठी पाहिजे होता आणि एका गेमसाठी पाहिजे होता. दोन्ही सांगितलं होतं.

गेम मी आणि यास्मिन मिळून खेळणार होतो. यास्मिन आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. तिच्या अब्बांचं गादी-कापसाचं दुकान होतं. त्यांच्या घरात सगळीकडे कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे, आणि उन्हाची तिरीप आली की ते दिसायचे. तिच्या मोठ्या भावाने पुण्याहून येताना स्वतःचा जुना, पण दणकट लॅपटॉप तिला आणून दिला होता. त्याच्यावर तो गेम आम्ही पहिल्यांदा पाहिला. बर्फाचा एक उंच डोंगर, आणि तो चढणाऱ्या दोघी. दोघींच्या कमरेला एकच दोर. एक चढते तेव्हा दुसरीने थांबायचं, दोर ताणून धरायचा, आणि मग तिने चढायचं. एकीचा तोल गेला की दुसरीने त्याच क्षणी पाय रोवायचे. बाहेर डांबर वितळतंय आणि आत आम्ही दोघी सतरंजीवर पालथ्या पडून बर्फातून चाललोय. त्या पडद्यातून गार वारं येतंय, असं मला खरंच वाटायचं.

यास्मिनचं नाशिकला फार्मसीला जायचं ठरत होतं. मी जळगावातच राहणार होते. बालवाडीपासून आम्ही एकमेकींपासून लांब राहिलोच नव्हतो. तीच एकदा म्हणाली, "गेली तरी काय झालं? रोज दुपारी डोंगरावर भेटू." तिने ते सहज म्हटलं. मी ते वचन म्हणून घेतलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची असते. पितरांच्या नावाने पाण्याची घागर, तिच्यावर खरबूज, आणि जेवायला खापरावरची पुरणपोळी नि आमरस. ती थोरल्या घरी भरतात. म्हणून दर आखाजीला आम्ही एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला मोठ्या आबांकडे जायचो. मोठे आबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा भूषणदादा. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता आणि आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता.

भूषणदादाबद्दल नीट सांगायला हवं. मला पहिल्यांदा माउस धरायला शिकवला तो त्याने. मी चौथीत असताना त्याने मला मांडीवर बसवून सापाचा गेम खेळायला दिला होता. आमच्या घराण्यात पोरींना कुणी असलं काही शिकवत नसे. मी हरले की तो म्हणायचा, "परत लाव. मशीन थकत नाही, मग तू कशाला थकतेस?" मला सख्खा भाऊ नाही, पण आहे असं मी शाळेत सांगायची आणि त्याचं नाव सांगायची. म्हणून लॅपटॉप कुठून घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता.

त्या आखाजीला आम्ही दारात पोचलो तेव्हा मोठ्या आईने, म्हणजे दादाच्या आईने, माझ्या गालांना हात लावला. "ये व माय, उन्हानं लाल हुई गयी पोर." पाणी पिऊन होईपर्यंतही मला दम नव्हता. दादा हसला आणि म्हणाला, "चल, तुझं सामान काढूनच ठेवलंय."

मुहूर्ताचा दिवस म्हणून दुकान उघडं होतं. एसी चालू होता, काचेला दव धरलं होतं. दादाने खोक्यातून लॅपटॉप काढला. काळा, चकचकीत, कोपऱ्यात रंगीत स्टिकर. पप्पा दाराशीच उभे राहिले, गळ्यातल्या रुमालाने घाम पुसत. ते म्हणाले, "बघ रे भूषण. तिच्या मनासारखं दे."

"हो नाना. सांगितलं तसंच आहे," दादा म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. 'सांगितलं तसं' म्हणजे मी सांगितलं तसं, दुसरं काय असणार.

मी गेमचं नाव घेऊन विचारलं. स्पष्ट विचारलं. "दादा, हा चालेल ना याच्यावर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "मख्खन चालेल."

मग त्याने गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम लावून दाखवला. गाडी सुळकन गेली. माझ्या अंगावर काटा आला. तो गेम किती जुना आहे आणि कोणत्याही डबड्यावर चालतो, हे कळायला मला वर्ष लागलं.

परतीच्या बसमध्ये मी ते खोकं मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून भट्टीसारखं वारं येत होतं, पप्पा शेजारी डुलक्या घेत होते, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली होती की मी त्यांच्या डोक्यावर सावली पडावी म्हणून खिडकीला माझी ओढणी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, मम्मी आतल्या खोलीत आडवी झाली, आणि मी गेम सुरू केला. यास्मिन तिच्या घरून गेममध्ये आली. डोंगर दिसला. मी पाऊल उचललं आणि सगळं थिजलं. भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं चित्र असावं तसं. मग एकदम झटका बसला आणि मी तीन पावलं पुढे, आणि यास्मिन खाली दरीत.

"अगं, धरायचं ना," फोनवर ती हसत म्हणाली.

"धरलं होतं गं. याने उशिरा ऐकलं."

पुन्हा लावला, पुन्हा तेच. पंखा चक्कीसारखा घरघरत होता. कळफलक इतका तापला की बोटं उचलून धरावी लागली. मग पडदा काळा झाला आणि लॅपटॉप आपणहून बंद पडला.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नको. सगळ्या सेटिंग खाली आण." मी आणल्या. बर्फाची झाडं गेली, सावल्या गेल्या, डोंगर मातीच्या ढेकळासारखा दिसायला लागला. तरी थिजायचाच. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "खाली पुस्तकं ठेव, हवा जायला पाहिजे." मी प्रवेश परीक्षेची पुस्तकं ठेवली. मग म्हणाला, "कूलरसमोर बस." मी कूलरसमोर बसले. मग कसलं तरी सॉफ्टवेअर टाक, मग ते काढ, मग दुसरं टाक. त्याच्या सांगण्यावरून मी स्टीलच्या ताटात बर्फ घेऊन त्याच्यावर पाट आणि पाटावर लॅपटॉप, असंही केलं. मम्मी पाणी प्यायला उठली आणि बघून म्हणाली, "त्याला ताप आलाय का?" आणि हसली. मला तेव्हा ते नुसतं थट्टेचं वाटलं.

शेवटी दादा म्हणाला, "हे बघ, मशीन चांगलं आहे. जळगावचा उन्हाळाच तसा आहे. एवढ्या तापात कोणतं मशीन चालणार? पाऊस पडू दे, मग बघ कसं पळतं."

मला हे पटलं. इतकं सोपं होतं ते. माणसं भोवळ येऊन पडतात, ट्रान्सफॉर्मर उडतात, मग माझ्या लॅपटॉपने तरी काय करावं? मी उन्हाळ्याला शिव्या द्यायला लागले. सकाळी उठून आभाळाकडे बघायची. खिडकीला ओलं पोतं लावायची, ते अर्ध्या तासात वाळायचं, मी पुन्हा भिजवायची. एखादा शत्रू दारात बसून आहे, असं मला त्या दिवसांत उन्हाबद्दल वाटायचं.

मधे एकदा दादा कामासाठी जळगावला आला तेव्हा मुद्दाम घरी आला. मी त्याला पन्हं दिलं. तो लॅपटॉपसमोर बसला, मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, ब्रशने साफ केलं, काय काय बदललं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तास-दीड तास तो उठला नाही. मग म्हणाला, "आता लाव." मी लावला. आणि काही मिनिटं तो चालला. अडखळत, पण चालला. मी यास्मिनला फोन करून घाईने गेममध्ये बोलावलं, आम्ही एक कडा चढलो, आणि दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बघितला आहे. तो गेल्यावर पंख्याची घरघर वाढली आणि सगळं पुन्हा थिजलं.

या दुपारपाशी मी आजही अडते. बाकी सगळं मला समजतं. ही दुपार समजत नाही.

यास्मिन आधी हसायची, मग गप्प व्हायला लागली. ती दर वेळी पडायची आणि दर वेळी माझ्यामुळे पडायची. एक दिवस ती म्हणाली, "तुला खेळायचंच नसेल तर सरळ सांग ना यार. असं का करतेस?"

"मी काही करत नाहीये गं. ऊन कमी झालं की होईल नीट."

"माझ्याकडे पण ऊनच आहे," ती म्हणाली.

खरंच होतं. तिचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यावर पत्रे, आणि आत कापूस. तिचा लॅपटॉप चालत होता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याच्यावर विश्वास टाकलेला असतो त्याच्या विरुद्ध पुरावा समोर आला तरी आपण तो बाजूला सारून ठेवतो, जेवताना ताटातला खडा बाजूला काढावा तसा. मी मनात म्हटलं, तिच्या घरात वारं खेळतं असेल.

पाऊस आला. कूलर बंद झाले, रात्री पांघरूण लागायला लागलं. लॅपटॉप गार पडला, मी आशेने गेम लावला, आणि तो उन्हाळ्यात थिजायचा तसाच थिजला. तोवर यास्मिन नाशिकला गेली होती. तिथे तिच्या खोलीतल्या मुलीकडे चांगलं मशीन होतं. एकदा फोनवर ती म्हणाली, "आम्ही शिखरावर पोचलो काल." मग एकदम थांबली. मी म्हटलं, "छान." आमचे फोन त्यानंतर कमी होत गेले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

मी इंजिनिअरिंगला लागले, कॉम्प्युटरच घेतलं. पहिल्याच वर्षी कळलं की कोणत्या मशीनवर काय चालेल, हे ओळखणं अजिबात कठीण नसतं. चित्रांचं काम करायला वेगळी चिप असते, ती माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच. असायची जागासुद्धा नव्हती. तो गेम त्याच्यावर थंडीत, पावसात, हिमालयात नेला असता तरी चालला नसता. पण त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते सांगते. मला वाटलं, दादाला माहीत नसेल. बिचारा छोट्या दुकानात काम करतो, चुकला असेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. मी त्याची चूक झाकली.

पुढची आखाजी आली. पुन्हा एसटी, पुन्हा धुळं, पुन्हा घागर. माझा पहिल्या सत्राचा निकाल चांगला लागला होता. पुरुषांची पंगत बसली होती, मी आमरस वाढत होते. मोठे आबा म्हणाले, "पोरगी हुशार निघाली बुवा."

पप्पा खुशीत होते. असे ते क्वचित दिसतात. म्हणाले, "हुशार आहेच. पण श्रेय भूषणलाही द्या. मागच्या वर्षी मी त्याला बजावून सांगितलं होतं, अभ्यास होईल पण गेम चालणार नाही, असं मशीन दे. आणि तिला कळू देऊ नको. पठ्ठ्याने काम चोख केलं. पोरगी महिनाभर खटपट करत होती, मग दिला नाद सोडून."

सगळे हसले. मनापासून, मायेने हसले. मोठे आबा हसले, मम्मी स्वयंपाकघराच्या दारातून हसली. दादा मान खाली घालून पुरणपोळी मोडत होता. माझ्या हातात आमरसाचं पातेलं होतं. मी सगळ्यांच्या वाट्या भरल्या, पप्पांची भरली, दादाचीही भरली, आणि पातेलं नेऊन ओट्यावर ठेवलं.

मोठी आई तिथे पोळ्या करत होती. तिने माझं तोंड बघितलं. "काय व्हयनं व?"

"तुला माहीत होतं, मोठी आई?"

"बठ्ठासले माहीत व्हतं, माय. तुलेच सांगेल नव्हतं." सगळ्यांना माहीत होतं, हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिचा राग येईना. तिच्या दृष्टीने ही पोरीच्या भल्याची गोष्ट होती. आजाऱ्याला औषध गुळात घालून देतात, तशी.

म्हणजे मम्मीची ती थट्टा. म्हणजे 'सांगितलं तसंच आहे'. म्हणजे पप्पांचं 'तिच्या मनासारखं दे'. एका वर्षातली वाक्यं एकेक करून माझ्याकडे वळून बघायला लागली.

जेवणानंतर दादा बाहेरच्या ओट्यावर सावलीत उभा होता. मी गेले. काय बोलायचं, हे ठरवलं नव्हतं.

"तुला माहीत होतं, ते चालणार नाही."

"हो."

"मग मला बर्फ कशाला ठेवायला लावलास? ती पुस्तकं, तो कूलर?"

तो म्हणाला, "नानांना शब्द दिला होता. तू फोन करायचीस, काहीतरी सांगावं लागायचं."

"आणि मला दिलेला शब्द?"

"तू लहान होतीस गं. प्रवेश परीक्षा होती तुझी."

"नाही चालणार, एवढं म्हणाला असतास. मी रडले असते. पण महिनाभर माझंच काहीतरी चुकतंय असं वाटलं नसतं मला."

त्याने पायरीकडे बघत म्हटलं, "मी आलो होतो ना त्या दिवशी जळगावला. मी खरंच प्रयत्न केला होता. मला वाटलं, कसंही करून चालला तर बरं. मग नानांना पण काही कळणार नाही आणि तुझंही होईल."

 तो खोटं बोलत नव्हता. घामाने भिजलेली ती पाठ मी पाहिली होती. स्वतःच बांधलेली गाठ तो त्या दुपारी दातांनी सोडवत होता, आणि तरी त्याच्या तोंडून ते एक वाक्य निघालं नाही. मला याचं काय करायचं तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पूर्ण वाईट माणूस सोडून देता येतो. हा असा अर्धा माझ्या बाजूचा होता.

पप्पांना मी बसमध्ये विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "फळ चांगलं आलं ना? मग झालं," ते म्हणाले. "नाही म्हटलं असतं तर तू रुसली असतीस."

रुसले असते. जेवले नसते दोन दिवस. वाद घातला असता, कदाचित परीक्षेनंतर दुसरा घेऊ असा तह झाला असता, कदाचित नसताही. पण नाही म्हणण्यात समोरच्याचा एक मान असतो. तू ऐकू शकतेस, सोसू शकतेस, भांडू शकतेस, हे त्यात धरलेलं असतं. पप्पांनी मला होच म्हटलं, आणि त्या होच्या आत नाही भरून दिलं. लोक म्हणतात, त्या लॅपटॉपशी झगडलीस म्हणूनच तू या विषयात आलीस, तेव्हा झालं ते बरं झालं. असेल. पण काटा रुतला म्हणून आपण वाट बदलली आणि ती वाट चांगली निघाली, तर काट्याचे आभार मानायचे, हे मला जमत नाही.

यास्मिनला मी हे सगळं तिच्या लग्नात सांगितलं. तिच्या हातांची मेंदी वाळत होती, त्यामुळे ती कुठे जाऊ शकत नव्हती. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि मला वाटलं, तू मला कंटाळलीस. मी जाणार म्हणून आधीच हात सोडतेयस, असं वाटायचं. नाशिकला मी पहिले काही महिने रडायचे." तिने मेंदीचा हात न लावता आपलं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. पप्पांनी आणि दादाने त्या लॅपटॉपचा हिशोब करताना फक्त मला धरलं होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दादाशी मी बोलते. आखाजीला जाते, त्याच्या मुलांसाठी खाऊ नेते. तो अजून मला "परत लाव" म्हणून चिडवायला बघतो, आणि मी हसते. पण तो एखादी साधी गोष्ट सांगतो, पारोळ्याकडे रस्त्याचं काम चाललंय, लवकर निघ, तेव्हा मी मान डोलावते आणि बाहेर येऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेते. हे मी मुद्दाम करत नाही. ते आपोआप होतं. पप्पांच्या बाबतीतही तेच. ते म्हणतात, "माझी तब्येत ठणठणीत आहे," आणि मी डॉक्टरांना वेगळा फोन करते.

पप्पा आता निवृत्त झालेत. वर्षभरापासून त्यांना कमी ऐकू येतं. गेल्या आठवड्यात, याच उन्हात, मी त्यांना कानाचं मशीन घ्यायला घेऊन गेले. दुकानातली मुलगी चुणचुणीत होती. तिने पप्पांच्या कानात ते बसवलं आणि म्हणाली, "काका, आता सगळीकडे ऐकू येईल बघा. घरात, बाजारात, लग्नात, कुठेही." पप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"एसटी स्टँडवर ऐकू येईल का गं याच्याने? धुळ्याची गाडी कोणत्या फलाटावर लागतेय, ते सांगतात ना, ते?"

मी मशीनबरोबरचा कागद वाचला, मुलीला दोन-तीन गोष्टी विचारल्या.

"घरात नीट येईल, पप्पा. फोनवरही येईल. स्टँडच्या गोंगाटात नाही येणार. त्याला वरचं मशीन लागेल, ते पण बघू आपण. आणि त्याच्यातही पूर्ण येईलच, असं नाही."

त्यांचा चेहरा थोडा उतरला. त्यांना एकट्याने धुळ्याला जायला आवडतं, हे मला माहीत आहे. क्षणभर ते बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"तू म्हणतेस तर तसंच असेल," ते म्हणाले, आणि कानातलं मशीन काढून, उलटसुलट करूनही न बघता, त्यांनी ते माझ्या ओंजळीत ठेवलं.

किती सहज म्हणाले ते. ना पडताळा, ना दुसऱ्या कुणाला विचारणं. पोरीने सांगितलं, म्हणजे संपलं. मी त्यांचा हात धरून दुकानाच्या पायऱ्या उतरले, आणि मला त्यांचा हेवा वाटला.